रुमाल टाकलेलं घर

टेंभूरवाडीत दिवे लागायची वेळ झाली की शेषेराव आपल्या घराचं दार वीतभर उघडायचा आणि आत नुसता हात घालायचा. हातात पाण्याचा तांब्या असायचा. तो दाराच्या आतल्या अंगाला फरशीवर ठेवायचा, कालचा तांब्या उचलून घ्यायचा, बाहेर भिंतीशी पणती लावायचा आणि दार परत ओढून घ्यायचा. मग तिथंच पायरीवर बसून दाराच्या फटीशी चार गोष्टी बोलायचा. आज सोयाबीन खुरपलं. तांबडा बैल लंगडून राहिला. ज्ञानोबाच्या सुनेला पोरगा झाला. एवढं बोलून झालं की उठायचा आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन आडवा व्हायचा.

घर त्याचंच होतं. कागदावर नाव त्याचं, दारावर रंगानं लिहिलेला नंबरही त्याच्याच नावाचा. पण घर मिळाल्याला तीस वर्षं उलटून गेली तरी तो एकदाही आत गेला नव्हता.

गावाला याचं नवल राहिलं नव्हतं. जुनं टेंभूरवाडी दगडामातीचं होतं. भूकंपाच्या पहाटे ते झोपलं होतं तसंच भुईला मिळालं. मग सरकारनं दोन-तीन मैलांवर माळावर नवं गाव बसवलं. सरळ रेघेतले रस्ते, सारखी घरं, वर स्लॅब. पण वाचलेल्या माणसांना त्या स्लॅबखाली डोळा लागेना. घरात धान्य ठेवायचं, बाहेर पत्रे मारून त्यात झोपायचं, अशी कितीतरी वर्षं गावानं काढली. पुढं नवी पोरं झाली, त्यांना भूकंप ठाऊक नव्हता, त्यांच्या मागोमाग म्हातारी माणसंही एकेक करून आत गेली. शेषेराव तेवढा बाहेर राहिला. पण त्याचं कारण स्लॅबची भीती नव्हती. ते घर त्यानं दोघींना दिलं होतं.

दोघी म्हणजे त्याची बायको सिंधु आणि पाच वर्षांची पोर छबू. भूकंप झाला तेव्हा तो बैल बघायला देवणीला गेला होता. परत पोचेपर्यंत रस्ते मालमोटारींनी तुंबलेले, आणि गावात पोचला तेव्हा चिता विझत आलेल्या. कुणाच्या चितेवर कोण, हे सांगायला कुणी नव्हतं. "दोघी एकाजागीच व्हत्या," एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं तोंडं पाहिली नाहीत, पाणी पाजलं नाही, मडकं फोडलं नाही. नव्या घराचा ताबा मिळाला त्या साली सर्वपित्री अमावस्येला तो नारळ घेऊन जुन्या गावठाणात गेला, आपलं घर होतं त्या ढिगाऱ्यापुढं उभा राहिला, दोघींना हाक मारली आणि पुढं होऊन त्यांना नव्या घरी घेऊन आला. दार उघडून बाजूला उभा राहिला. त्या आत जातील एवढा वेळ थांबला. मग दार ओढून घेतलं.

तेव्हापासून त्याला आतली चाहूल लागायची. कधी बांगडी वाजायची. कधी लहान पोर झोपेत कूस बदलतं तसं काही. दुसऱ्या दिवशी तांब्यातलं पाणी बोटभर उतरलेलं असायचं. दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा भावकीला त्यानं सांगितलं होतं, "घरात माणसं असताना दुसरी बायकू कशी करू?" भावकीनं पुन्हा विषय काढला नाही.

तर त्या घरासाठी एक दिवस गिऱ्हाईक आलं.

गावच्या शाळेत नवी शिक्षिका आली होती. तूबा तिचं नाव. नांदेडच्या जुन्या वस्तीतली मुलगी. वडील पाशामियाँ गाद्या भरायचे, ते गेल्या साली वारले. आई जोहरा नांदेडात एकटी. तूबा लातूरला मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि रोज एसटीनं टेंभूरवाडीला यायची. आईचा फोन वर्ग चालू असतानाही यायचा, आणि फोनवर आई काही बोलायची नाही, नुसती आहेस ना म्हणायची. तूबानं ठरवलं होतं की गावातच घर घ्यायचं आणि अम्मीला इकडं आणायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घर मिळालं तर ठीक, नाहीतर नोकरी सोडून नांदेडला जायचं.

गावात तिला तोंडावर नाही कुणीच म्हणालं नाही. एकाचा पोरगा पुण्याहून येणार होता. एकाच्या खोलीत सोयाबीनची पोती होती. एकाला घर द्यायचं होतं, पण त्याच्या आईला विचारायचं होतं, आणि आई कानानं बहिरी होती. तूबा सगळ्यांना "बरं, बरं" म्हणत राहिली. शेवटी शाळा समितीचा मन्मथ तिला शेषेरावाकडं घेऊन आला.

"काका, मॅडमला घर पाह्यजे. तुमचं रिकामंच हाय."

"रिकामं न्हाई," शेषेराव म्हणाला.

"आता घ्या! आत कोन राहून राहिलंय? पाली?"

शेषेरावानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तूबाची नजर मात्र दाराच्या फटीतून दिसणाऱ्या तांब्यावर गेली. मग भिंतीशी पडलेल्या पणतीच्या तेलाच्या डागावर.

"कोण कोण असतं, काका?" तिनं विचारलं.

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो जरा गडबडला. "दोघी हायत्या. घरची अन् पोरगी."

मन्मथनं कपाळाला हात लावला. तूबा हसली नाही. म्हणाली, "आमचे अब्बा जुमेरातीला येतात, गुरुवारी. अम्मी लोबान लावते, त्यांच्या नावानं फातेहा देते. अम्मी म्हणते, गेलेली माणसं दारात उभी राहून बघतात, आपल्याला कुणी आठवतं की नाही. पण आमच्याकडं आठवड्यातून एकदाच. तुमच्याकडं रोज?"

"येनं-जानं न्हाईच. इथंच राहत्यात."

"मग भरल्या घरात मी कशी येणार," तूबा म्हणाली आणि खरंच वळून चालू लागली.

"मॅडम, अवो मॅडम!" मन्मथ मागं धावला. "ह्यांचं मनावर घेऊ नका, म्हातारा भला हाय, जरा समजावतो…"

"नको मन्मथभाऊ. घरात माणसं आहेत म्हणतात ना."

शेषेराव भांडायच्या तयारीत होता. कुणी वाद घातला असता तर त्यानं चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण ह्या पोरीनं त्याचं म्हणणं उचलून डोक्यावर ठेवलं आणि निघून गेली. ते त्याला टोचत राहिलं. खरं मानणारं माणूस पहिल्यांदा भेटलं की आपण काय सांगून बसलोय ते आपल्यालाच नीट ऐकू येतं.

तूबा आठवड्यातून तीनदा, शेवटच्या गाडीच्या आधी, शाळेच्या ओसरीवर म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायची. अक्षरओळखीचा. शेषेराव जायचा. आता त्याला पाट्या वाचता यायच्या, मोठ्या अक्षरातला पेपरही. त्याच्या शेजारी साखराबाई बसायची. जुन्या गावात तिचं आणि शेषेरावाचं घर भिंतीला भिंत लागून होतं. नात्यानं ती त्याची भावजय, त्यामुळं तिला त्याला काहीही बोलायची मुभा होती. वर्गातल्या म्हाताऱ्यांनी हट्ट धरून थोडं इंग्रजीही सुरू करायला लावलं होतं. साखराबाईच म्हणाली होती, "नातू इंग्लिश मीडियमला हाय. मह्या तोंडावर मला कायबी बोलतो. शिवी देऊन राहिला का गुण गाऊन राहिला, कळाया नको?"

त्या दिवशी तिनंच विषय काढला.

"बाई, लेकीकडं लातूरला गेले व्हते. तिच्या गल्लीत घरोघर पाट्या. शिकाया येनाऱ्या पोरांसाठी. 'रूम व्हेकंट'. अन् आमचा नातू डबा खाऊन आला की म्हंतो 'एम्प्टी'. व्हेकंट म्हंजी काय तर रिकामं. एम्प्टी म्हंजी काय तर रिकामं. एका रिकाम्याला दोन शब्द? इंग्रजाकडं शब्द उतू चालले व्हते का?"

सगळे हसले. तूबाही हसली. तिनं आपला जेवणाचा डबा उघडून पुढं धरला.

"यात काय आहे?"

"कायबी न्हाई."

"म्हणून हा एम्प्टी. आत बघायचं, काही नसलं की एम्प्टी. आता एसटीचं सांगा. लातूरच्या स्टँडवर गाडी लागली. आत चढायच्या आधी तुम्ही काय करता?"

"खिडकीतून रुमाल टाकायचा," ज्ञानोबा म्हणाला.

"टोपी."

"पिशवी."

"म्या तर एकदा खेटर टाकलं व्हतं," साखराबाई म्हणाली, आणि ओसरी पुन्हा हसली.

"बरं, रुमाल टाकला. माणूस अजून खालीच आहे. त्या सीटवर कोण बसलंय?"

"कुनी न्हाई."

"म्हणजे सीट एम्प्टी?"

"हाव."

"मग साखरामावशी, तुम्ही तिथं बसाल?"

"कशी बसू? मुडदे पडत्याल! धरलेली हाय ना ती."

"हेच. सीट एम्प्टी आहे, पण व्हेकंट नाही. जागा व्हेकंट कधी, तर तिच्यावर कुणाचा हक्क नाही, नवा माणूस येऊन बसू शकतो, तेव्हा. लातूरच्या त्या खोलीत खाट असेल, टेबल असेल. ती खोली एम्प्टी नाही, तरी व्हेकंट आहे. एम्प्टी आत बघून कळतं. व्हेकंट विचारून कळतं."

म्हातारे माना डोलवू लागले. साखराबाई पाटीवर दोन्ही शब्द मराठीतच लिहू लागली. शेषेराव मात्र तूबाकडं बघत राहिला होता.

"बाई," तो म्हणाला, "रुमाल टाकला… अन् ज्याच्यासाठी टाकला त्यो आलाच न्हाई तर?"

"येतंय की कुनीतरी!" ज्ञानोबा म्हणाला. पण साखराबाईची पेन्सिल थांबली. तूबाला प्रश्न कळला. ती डब्याचं झाकण लावत राहिली.

त्या संध्याकाळी शेषेरावानं तांब्या ठेवला, पणती लावली, पायरीवर बसला. बोलायला सुरुवात केली आणि थांबला. रोज तो बोलायचा आणि मधे मधे आतून "हं" यायचा. आज त्यानं स्वतःचं तोंड घट्ट मिटून धरलं आणि कान दाराला लावला. आतून काही आलं नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तो "हं" रोज त्याच्याच गळ्यातून निघत होता.

मग त्याला बांगडी आठवली. ती वाजायची ती वारा सुटला की, दाराची कडी हलली की. पाणी बोटभर उतरायचं, पण पाणी उन्हाळ्यात जास्त उतरायचं आणि पावसाळ्यात उतरायचंच नाही. हे त्याला कधीचं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं त्याच्याकडं पाठ केली होती. आणि आत का गेला नाही आजवर? गावाला वाटायचं, दोघींना त्रास नको म्हणून. त्यालाही तसंच वाटायचं. आता वाटेना. भुताला भिणारी माणसं त्यानं ढीगभर पाहिली होती. आत भूत नसेल म्हणून भिणारा तो एकटाच होता.

पुढचे काही दिवस त्याचे वाईट गेले. शेतात असला तरी ते दार डोळ्यापुढं. घर आता त्याच्याकडं बघत बसल्यासारखं वाटायचं, जसं एखादं जनावर बघतं, ज्याला कुणी चारा घालतंय की नाही ह्याचं काही देणंघेणं नाही. पूर्वी त्या घराकडं पाठ करून झोपताना ऊब वाटायची. आता पाठीला गार लागायचं.

शेवटी एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, तो तूबाकडं गेला.

"बाई, जरा घरी चला. तुमी आत जावा अन् बघून या. म्हंजी मला सांगा, कुनी हाय का."

तूबा आली. पायऱ्या चढली. दाराला हात लावला, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. मग मागं फिरली.

"मी नाही बघणार, काका."

"भ्या वाटलं?"

"नाही. मला हे घर पाहिजे. माझी अम्मी तिकडं एकटी आहे, मला घराची इतकी गरज आहे की मला आत काहीच दिसणार नाही. मी कुणी नाही म्हणून सांगेन, आणि तुम्हाला जन्मभर वाटेल, पोरीनं घरासाठी सांगितलं. मलाही वाटेल."

"अन् म्या न्हाई बघितलं तर?"

"तर मी सुट्टीला नांदेडला जाईन आणि परत येणार नाही. त्याचा बोल तुम्हाला नाही. पण डोळे तुमचेच लागतील याला."

ऊन चांगलं कडक होतं. रस्त्यावर पोरं ओरडत होती. शेषेरावानं पायताण काढलं, दार ढकललं, आणि ज्या उंबऱ्याच्या आत आजवर नुसता हात गेला होता त्याच्या आत पाय टाकला.

दाराशी, तांब्याभोवती, फरशीवर गोल डाग होता. हात पोचायचा तेवढी जागा स्वच्छ. त्याच्या पुढं धूळ. चाळणीतून पीठ पडावं तशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मऊ, सारखी, बोटभर जाड. तिच्यावर उंदरांच्या शेपट्यांच्या रेघा होत्या. पालीच्या पावलांची नक्षी होती. खिडकीखाली एक मेलेलं पाखरू वाळून कागद झालं होतं. तो आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. तिथंही तशीच धूळ. पोरीच्या पावलाचा ठसा नाही. कुणी बसल्याची, टेकल्याची, निजल्याची खूण नाही. तीस वर्षं त्या घरात कुणी उभंसुद्धा राहिलं नव्हतं. त्यानं मागं वळून पाहिलं तर धुळीत पावलं होती ती फक्त त्याची.

बाहेर येऊन तो पायरीवर बसला. तूबानं तांब्यातलं पाणी त्याच्यापुढं केलं. ते तो प्यायला. दोघींचं पाणी तो पहिल्यांदा प्यायला.

"कुनी आलंच नव्हतं," तो म्हणाला. "कवाच न्हाई."

तूबानं घराचं नावही काढलं नाही. शाळेची घंटा झाली तरी ती तशीच त्याच्याजवळ बसून राहिली, आणि मग पोरांनी हाका मारल्यावर उठून गेली.

शेषेराव तिथून उठला तो थेट साखराबाईच्या अंगणात. ती सुपात तूर पाखडत बसली होती. त्याचं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं. त्यानं सगळं सांगितलं. धूळ सांगितली, पाखरू सांगितलं.

"म्या त्यांना आनलं व्हतं वहिनी. सोता जाऊन आनलं व्हतं. हाक मारून."

"हाक कशी मारली व्हती?"

"कशी म्हंजी? अगं चल म्हनलं. घर झालंय, चल. पोरीला घे."

"नाव घेतलं?"

"बायकूचं नाव कोन घेतं, वहिनी?"

हे खरंच होतं. त्या पिढीत बायकोला नावानं हाक मारणारा गडी गावात नव्हता. लग्नात एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर नाव घ्यायचं, ते शेवटचं. पुढं जन्मभर 'अगं' आणि 'अवं'. सिंधु हे नाव शेषेरावानं संसाराच्या सात-आठ वर्षांत कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं, आणि ती गेल्यावर तर नाहीच नाही.

साखराबाईनं सूप बाजूला सारलं.

"भावजी," ती हळू म्हणाली, "त्या राती ह्या गावात अगं किती मेल्या. मह्या सासूला मामंजी अगं म्हनायचे. पलीकडची मथुरा, तिला अगं. कासाराच्या तिघी जावा, तिघींना अगं. तुमी तिथं उभं राहून अगं म्हनलं. कुनी उठावं?"

शेषेराव तिच्यापुढं भुईवर बसला.

"अन् पोरगी? तिचं तरी घेतलं का नाव?"

"आयसंगं यीलच म्हनलं…"

"आय उठली न्हाई तर लेकरू कसं यील?" साखराबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि मग तिच्या मूळच्या स्वभावानं जरा चिडून म्हणाली, "अन् उठली असती तरी ह्या दारातून माघारी गेली असती. दगडाखाली मेलेली बाई ती, तिला तुमी स्लॅबखाली बसवाया निघाले. तुमी झोपले का कधी त्याच्याखाली? सोता पत्र्यात अन् तिला स्लॅबात! लई शाने!"

तो उठून अंगणातून बाहेर पडला. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घण घालत होती. दोघी इथं नाहीत म्हणजे दोघी तिथंच आहेत. तो इकडं बंद दाराशी सोयाबीनच्या गोष्टी सांगत होता आणि त्या तिकडं, वेड्या बाभळीच्या रानात, पडल्या दगडांत, तीस वर्षं बसून होत्या. पोर आईला विचारत असेल, बाबा कवा यील. आणि तिची आई तिला काय सांगत असेल?

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तो तूबापुढं जाऊन उभा राहिला.

"घर तुमचं बाई. व्हेकंट हाय. रुमाल माझाच व्हता, म्या उचलला."

तूबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं आधी विचारलं, "आणि त्या दोघी?"

"त्यांचं म्या बघतो."

मन्मथनं दोन गडी लावून घर झाडून घेतलं. धूळ पोत्यानं निघाली. शेषेरावानं ती बाहेर रस्त्यावर टाकू दिली नाही, स्वतः नेऊन शेतात पसरली. दिवाळी संपता संपता नांदेडहून टेम्पो आला. त्यात एक कपाट, एक शिलाई मशीन आणि पाशामियाँनी भरलेल्या गाद्यांची उंच चवड, आणि त्या गाद्यांना पाठ लावून बसलेली जोहराबी. उतरल्या उतरल्या तिनं सगळ्यांची नावं विचारली, मन्मथला गादी नीट धरत नाही म्हणून झापलं, आणि शेडमधून शेषेराव धुतलेला सदरा घालून निघालेला बघून हाक मारली.

"भाईजान, किधर चले?"

"घरच्यांना आनाया."

तूबा जागच्या जागी थांबली. जोहराबीला यात काही वेगळं वाटलं नाही. "हौ, लाओ, लाओ," ती म्हणाली. "चाय रखतूं सबकी."

शेडमध्ये त्यानं सकाळीच सारवून घेतलं होतं. खाटेशेजारी दोन गोधड्या अंथरल्या होत्या, एक मोठी, एक लहान.

जुन्या गावठाणाकडं जाणारी वाट आता कुणी वापरत नाही. ओढा ओलांडला की बाभळी सुरू होतात, आणि बाभळीत शिरलं की पायाखाली दगड लागतात ते भिंतींचे. गल्ल्या बुजून गेल्यात. शेषेराव आडाच्या काठावरून मोजमाप धरत आपल्या जागी पोचला. ऊन तिरपं झालं होतं. चारी बाजूंना ढिगारे, आणि प्रत्येक ढिगारा कुणाचा तरी. पूर्वी आला होता तेव्हा त्याला हे असं दिसलं नव्हतं. आता त्याला वाटलं, आपण सभेत उभे आहोत आणि सगळे आपल्या तोंडाकडं बघून राहिलेत.

त्यानं तोंड उघडलं. नाव येईना. एवढ्या वर्षांत ते वापरलंच नव्हतं, आणि सगळ्या सासवासासऱ्यांच्या, दीरभावांच्या समोर घ्यायचं म्हणजे म्हातारपणीही त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सिंधु," तो म्हणाला.

ते फार हळू झालं. त्यानं खाकरून गळा साफ केला आणि शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा ओरडला, "सिंधु! म्या हाय, शेषेराव!"

बाभळीतला वारा पडला. आजूबाजूच्या ढिगाऱ्यांनी माना खाली घातल्या असं त्याला वाटलं. हाक आपली नाही हे कळल्यावर माणूस घालतो तशा. त्याला त्यांच्यापुढं लाज वाटली, त्यांना कुणी हाक मारायला उरलं नव्हतं.

"सिंधु, चूक झाली. घर दिलं म्या दुसऱ्याला. तुला स्लॅबखाली न्हाई नेत. पत्रा हाय, वर हलका. पडला तरी लागायचा न्हाई. चल. छबू, ए छबू, चल बाळा. च्या ठेवलाय आपल्यासाठी."

मग तो वळला. मागं बघायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. आडाजवळून, बाभळीतून, दगडांवरून तो वाटेला लागला. मागल्या वेळी तो असाच आला होता, पण तेव्हा तो तरणा होता, दुःखानं पिसाळलेला होता, आणि तरातरा चालत सुटला होता.

वाटेत मन्मथ मोटारसायकलवर भेटला. शेतातून परतत होता.

"काका, बसा मागं. अंधार पडायच्या आत पोचवतो."

"तू जा. तिघं न्हाई मावनार."

मन्मथ हसायला गेला. मग त्यानं शेषेरावाचं तोंड पाहिलं, आणि त्याच्या मागची मोकळी वाट पाहिली, आणि त्याचं हसू तिथंच राहिलं. त्यानं गाडी सुरू केली आणि अगदी कडेनं, जवळजवळ गवतातून, सांभाळून पुढं काढली.

ओढ्यापुढच्या चढावर शेषेराव थांबला. त्याला दम लागला नव्हता. मागं न बघता तो नुसता उभा राहिला, पाच वर्षांच्या पायांना तो चढ चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग पुढं चालू लागला.